नाव आय-सेव्हन, पण कितवीतला?

प्रश्न : नमस्कार. आम्ही पाचपाखाडीला राहतो, मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला घरी ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स करायला पीसी हवाय. स्टेशनजवळच्या एका दुकानात रिफर्बिश्ड पीसी बघितला, आय-सेव्हन ४७७०, १६ जीबी रॅम, एसएसडी घालून १३,५०० सांगतोय. त्याच दुकानात नवीन आय-थ्री १२१०० असेंबल करून २६,००० होतात आणि त्यात रॅम फक्त ८ जीबी. दोन्हींना ४ कोअर ८ थ्रेड आहेत, गिगाहर्ट्झ पण जवळपास सारखेच दिसतात. आय-सेव्हन हा आय-थ्रीच्या वरचा असतो एवढं मला माहितीये, मग निम्म्या पैशात वरचा मिळत असताना खालचा का घ्यायचा? घरात यावरून रोज वाद चाललाय.
— एक वडील, ठाणे पश्चिम

उत्तर : आधी सरळ सांगून टाकतो, तुमच्या मुलाच्या कामाला तो आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनपेक्षा बराच फास्ट आहे, थोडाथोडका नाही, आणि हे मी नुसतं कुठेतरी वाचून नाही सांगत, दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवून बघितलीयेत, ते पुढे सांगतोच. तुमचा प्रश्न मात्र अगदी साहजिक आहे, मला महिन्यातून चार-पाच जण तरी हेच विचारतात, कारण नावच असं आहे की कुणालाही वाटेल सात म्हणजे तीनपेक्षा मोठा.

गोष्ट अशी आहे की आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरचे दर्जे एकाच जनरेशनच्या, म्हणजे एकाच पिढीच्या मालात आपापसात लावलेले असतात. जनरेशन कुठलं ते पुढच्या आकड्यात असतं. ४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथं जनरेशन, १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावं. म्हणजे असं समजा की तुमच्यासमोर एक चौथीतला पहिल्या नंबरचा मुलगा आहे आणि एक बारावीतला साधारण मार्कांचा मुलगा आहे. चौथीतल्याचा पहिला नंबर खोटा नाहीये, त्याच्या वर्गात तो खरंच हुशार होता, पण दोघांना गणिताचा एकच पेपर दिला तर काय होणार ते तुम्हीच सांगा. ४७७० बाजारात आला जून २०१३ मध्ये आणि १२१०० आला जानेवारी २०२२ मध्ये, मध्ये साडेआठ वर्षं गेली आणि तेवढ्या वर्षांत प्रोसेसर आतून पार बदलला.

आता तुमचा खरा मुद्दा, कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात तेवढेच, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी तेवढ्याच, गिगाहर्ट्झ पण तेवढेच, मग फरक येतो कुठून. ४७७० चा बेस म्हणजे नेहमीचा वेग ३.४ आणि टर्बो म्हणजे जोर लावल्यावरचा ३.९ गिगाहर्ट्झ, १२१०० चा बेस ३.३ आणि टर्बो ४.३. नुसतं हेच बघितलं तर टर्बोमध्ये जेमतेम दहा टक्के जास्त आणि बेस तर उलट कमीच. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती फेऱ्या मारतो एवढंच, एका फेरीत किती काम उरकतो ते त्या आकड्यात कुठेच नसतं. आपल्या ठाणे स्टेशनला सॅटिसवरून, म्हणजे त्या वरच्या डेकवरून टीएमटीची बस सुटते आणि खालून शेअर रिक्षा सुटते, दोघींनी दिवसभरात वर्तकनगरच्या सारख्याच फेऱ्या मारल्या तरी बसमधून किती माणसं पोचली आणि रिक्षातून किती, हे फेऱ्या मोजून कळणारच नाही.

प्रोसेसरच्या आत ही बस नक्की कशी मोठी झाली तेही सांगतो, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. ४७७० चा एक कोअर एका फेरीत ४ इन्स्ट्रक्शन उलगडून आत घेऊ शकतो, १२१०० चा ६ घेतो. मग एखादी इन्स्ट्रक्शन रॅममधून डेटा यायची वाट बघत अडकली की प्रोसेसर हातावर हात ठेवून बसत नाही, मागच्या रांगेतली कुठली आत्ता उरकून टाकता येतील ते बघतो, तर अशी रांग जुन्यात १९२ ची होती आणि नव्यात ५१२ ची आहे. प्रत्येक कोअरजवळची एल-टू कॅश, म्हणजे लागणारा डेटा हाताशी ठेवायची छोटी मेमरी, जुन्यात २५६ केबी आणि नव्यात १.२५ एमबी, म्हणजे पाचपट झाली, आणि सगळ्या कोअरची मिळून असलेली एल-थ्री ८ एमबीची १२ एमबी झाली. कॅशचं महत्त्व स्वयंपाक करणाऱ्याला लगेच कळेल, फोडणी करताना मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी असेल तर काम पटापट होतं, मोहरीसाठी दरवेळी माळ्यावर चढायला लागलं तर गॅस कितीही मोठा ठेवला तरी उपयोग नाही. आणि रॅम म्हणजे तो माळाच, तोही जुन्याचा लांब आहे, डीडीआर-थ्री १६०० च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला २५.६ जीबी डेटा देतात, नव्याच्या डीडीआर-फोर ३२०० च्या दोन स्टिक ५१.२ देतात.

मी वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांचे आणि वर्कशॉपचे पीसी सांभाळतो. तिथल्या एका टूलरूममध्ये ड्रॉइंगच्या टेबलावर नेमके हेच दोन प्रोसेसर शेजारी शेजारी होते, एक जुना ४७७० आणि एक नवा १२१००. रॅम दोन्हीकडे १६ जीबी, एसएसडी एकाच मेकची. तिथली डिझाइन करणारी मुलगी म्हणाली की मला रोज नवीन मशीनवरच बसायचं असतं, म्हणून मी एका दुपारी खुर्ची टाकून बसलो आणि तिला एकच फिक्स्चरची असेंब्ली दोन्हींवर उघडायला लावली. सॉलिडवर्क्समध्ये ते रिबिल्डचं सिग्नलसारखं लाल-पिवळं-हिरवं बटण असतं बघा, एका प्लेटची जाडी बदलून ते दाबलं की जुन्या मशीनवर कर्सरचा गोल फिरत राहायचा आणि ती मुलगी सवयीने माउसवरचा हात काढून वही ओढायची, नव्यावर तिचा हात माउसवरच राहिला. मला तेवढ्यातच उत्तर मिळालं होतं. तरी पण खात्री म्हणून दोन्हींवर सिनेबेंच हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं, एका कोअरच्या टेस्टमध्ये नव्याचा आकडा जुन्याच्या दीडपटीच्या बराच वर आला आणि सगळे कोअर लावून पावणेदोनपटीच्या आसपास. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर रिबिल्ड होताना एकच कोअर पळत होता, बाकीचे तीन जवळपास रिकामे. हे फार महत्त्वाचं आहे कारण ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्समध्ये ड्रॉइंग बनवणं, बदलणं, रिबिल्ड करणं हे बरंचसं एकाच थ्रेडवर चालतं, बरेच कोअर कामाला लागतात ते रेंडरिंग किंवा सिम्युलेशन करताना. म्हणजे तुमच्या मुलाला रोज जे करायचंय त्यात एका कोअरचा वेगच कामाला येणार आणि नेमकं तिथेच नवा पुढे आहे.

गिगाहर्ट्झवर विश्वास ठेवायची सवय आपल्याला पेंटियम फोरच्या काळात लागली, तेव्हा जाहिरातीत तोच एक आकडा असायचा. पण तेव्हाही ते खरं नव्हतं. २००४ मध्ये पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, ४ चा काढणार होते तो इंटेलने त्याच वर्षी रद्द केला कारण उष्णता आवरत नव्हती, आणि २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला तो जेमतेम १.८६ गिगाहर्ट्झपासून सुरू होत होता तरी त्याने ते सगळे मागे टाकले. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीनेही २०१३ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा एफएक्स ९५९० काढला होता, २२० वॅटचा, आणि तो तुमच्या या ४७७० च्या पण मागे पडायचा एका थ्रेडच्या कामात, जो ८४ वॅटचा आहे. म्हणजे ४७७० त्याच्या वेळी किती चांगला होता बघा. मी स्वतः तो कित्येक वर्षं वापरलाय आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

वेगाच्या पलीकडे आणखी काही गोष्टी आहेत ज्या दुकानदार सांगत नाहीत. विंडोज ११ ला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा त्यापुढचंच लागतं, आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. चौथ्या जनरेशनवर दुकानात काहीतरी युक्ती करून ११ टाकून देतात आणि चालतंय की असं म्हणतात, चालतं खरं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी नोंदणी करून वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतले तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मुलगा त्यावर कॉलेजची फी भरणार, तुम्ही बँकेचं लॉगिन करणार, मग हे बघायला नको का. दुसरं म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर नावाच्या प्रोसेसरच्या त्रुटी बाहेर आल्या, त्यावर जे पॅच आले त्याने जुने प्रोसेसर आणखी थोडे हळू झाले, आणि हॅसवेल म्हणजे हे चौथं जनरेशन आणि त्याच्या आधीचे यांना त्याचा फटका जास्त बसेल हे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे २०१३ च्या रिव्ह्यूमध्ये ४७७० चे जे आकडे दिसतात तेवढाही तो आज पळतोच असं नाही.

व्हिडिओचंही आहेच. यूट्यूब आता व्हीपी-नाइन आणि एव्ही-वन या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ देतं, ते उलगडायचं हार्डवेअर ४७७० च्या ग्राफिक्समध्ये नाहीये त्यामुळे सगळा भार कोअरवर पडतो, लेक्चर चालू असताना पंखा घुंऽऽ करायला लागतो तो त्यामुळेच. १२१०० मधल्या यूएचडी ७३० ला हे दोन्ही फॉरमॅट येतात. आणि रिफर्बिश्ड मशीन बहुतेक वेळा एखाद्या ऑफिसचं जुनं ब्रँडेड कॅबिनेट असतं, त्यातला पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड त्या कंपनीच्याच मापाचे, उद्या मुलाला ग्राफिक्स कार्ड लावावंसं वाटलं तर जागा नाही आणि पॉवरची पिन पण नाही. लाइटबिलाचा मुद्दा काही जण काढतात, त्यात मला विशेष दम वाटत नाही, दिवसातून चार-पाच तासांच्या वापराला दोघांत असा काही मोठा फरक पडत नाही.

कोटेशनमध्ये मात्र एक बदल करून घ्या. ८ जीबी रॅम कमी आहे, सॉलिडवर्क्सला १६ लागतेच. आणि १६ ची एक स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या, कारण एकच स्टिक लावली की रॅमचा वेग निम्म्यावर येतो आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. तो वरचा ५१.२ चा आकडा दोन स्टिकचाच आहे. प्रोसेसर १२१०० च मागा, १२१००एफ नको, एफ असला की त्यात ग्राफिक्सच नसतं. १३१०० किंवा १४१०० मिळाला तरी हरकत नाही, तेच चार कोअर आहेत, टर्बो फक्त ४.५ आणि ४.७ आहे, फरक थोडाच, त्यासाठी हजारो रुपये जास्त देऊ नका. यूएचडी ७३० वर डिप्लोमाचे पार्ट आणि छोट्या असेंब्ली होतात, शेकडो पार्टची असेंब्ली फिरवायला लागली तर कार्ड लागेल, ते नंतर लावता येतं. बॉक्समधल्या प्रोसेसरवर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते, बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या.

आणि २६ हजार खरंच जड जात असतील तर त्यात कमीपणा काही नाही, रिफर्बिश्डच घ्या पण निदान आठव्या जनरेशनचा घ्या. आय-फाइव्ह ८५०० चांगला आहे, २०१८ चा, सहा कोअर, विंडोज ११ रीतसर चालतं. नावाने तो आय-फाइव्ह आहे म्हणून मुलाला वाईट वाटायचं कारण नाही, त्या ४७७० पेक्षा तो चांगलाच आहे. ४७७० कुणासाठी ठीक आहे म्हणाल तर ज्यांच्या घरी तो आधीपासून आहे आणि टायपिंग, हिशोब एवढंच करायचंय त्यांनी तो वापरत राहावा, एसएसडी टाकावी, लिनक्स टाकता आलं तर अजून छान. विकत मात्र घेऊ नये.

प्रश्न : मी कळव्याहून लिहितोय. रिफर्बिश्ड पीसी घेतला, कॅबिनेटवर चकचकीत आय-सेव्हनचं स्टिकर आहे, बिलावर पण नुसतं 'आय-सेव्हन पीसी' लिहिलंय. आत खरंच आय-सेव्हन आहे का हे कसं बघायचं? कॅबिनेट उघडायची भीती वाटते.
— एक वाचक, कळवा

उत्तर : उघडायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयू निवडा, उजवीकडे वर पूर्ण नाव दिसतं. तिथे डॅशच्या पुढे चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे जनरेशन, पाच आकडे असतील तर पहिले दोन. तीनच आकडे असले, म्हणजे आय-सेव्हन ८६० किंवा ८७० असं काही, तर ते पहिलं जनरेशन, २००९-१० च्या काळातलं. शेवटचं अक्षर पण बघा, टी असेल तर तो कमी वॅटचा आणि त्यामुळे हळू चालणारा असतो, नाव तेच राहतं. तिथेच मेमरीवर क्लिक केलंत तर किती स्लॉट वापरलेत तेही कळतं.

स्टिकरला काही अर्थ नाही हे मी अनुभवाने सांगतो. मागे एका ओळखीच्या बाईंनी असाच पीसी एका दुकानातून आणला होता, स्टिकर आय-सेव्हनचं, कॅबिनेट बाहेरून पुसून लखलखीत केलेलं, मी झाकण उघडलं तर आत प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर नमद्यासारखा बसलेला आणि दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी सुटत होती, आणि प्रोसेसरवर लिहिलेलं होतं आय-फाइव्ह. त्या बाईंनी मुलीच्या परीक्षेसाठी पैसे जमवून घेतला होता तो, मला खूप राग आला होता. दुकानदाराने नंतर बदलून दिला पण तो त्या दोनदा भांडल्या तेव्हा. म्हणून घेतानाच, दुकानात, पैसे द्यायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून बघायचं आणि फोटो काढायचा. तुमच्या बाबतीत नंबर वेगळा निघाला तर बिल आणि फोटो घेऊन लगेच जा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

प्रश्न : मी बारावीला आहे, कोपरखैरणेला राहतो. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी यात कन्फ्यूज आहे. दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झ, सॉकेट पण एकच. मित्र म्हणतो जी वाला नवीन आणि भारी कारण त्यात ग्राफिक्स एक्स्ट्रा आहे. गेमिंगसाठी कुठला?
— एक विद्यार्थी, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. जी मध्ये ग्राफिक्स आहे आणि साध्या ५६०० मध्ये अजिबात नाही, हे आधी नीट डोक्यात ठेव, कारण ५६०० घेऊन कार्ड नंतर घेऊ असं ठरवलंस तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, मदरबोर्डला मागे एचडीएमआय असला तरी. अशी एक तक्रार माझ्याकडे आली होती, तो मुलगा दोन दिवस केबल बदलत बसला होता, बिघाड कशातच नव्हता.

पण जी नवीन नाहीये. दुकानात स्वतंत्र मिळायला लागला तो ऑगस्ट २०२१ मध्ये आणि साधा ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. आणि ग्राफिक्स एक्स्ट्रा मिळतं ते फुकट नाही, त्या बदल्यात एल-थ्री कॅश ३२ एमबीची १६ एमबी झालीये आणि ग्राफिक्स कार्ड ज्यावरून जोडतात ते पीसीआय एक्सप्रेस ४.० चं ३.० झालंय. वर त्या पाचपाखाडीच्या काकांना कॅशचं सांगितलंय ते वाच, गेममध्ये त्याचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो कारण गेम सतत इकडचा तिकडचा डेटा मागत असतो आणि तो कॅशमध्ये सापडला नाही की रॅमपर्यंत हेलपाटा. रायझन बनवणाऱ्या एएमडीने हेच ओळखून एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्सथ्रीडी काढला, कॅशचा एक जास्तीचा थर चिपवर बसवून एल-थ्री ९६ एमबी केली, गिगाहर्ट्झ साध्या ५८००एक्स पेक्षा कमी ठेवूनही तो गेममध्ये पुढे गेला.

तर हिशोब असा, ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेणार असशील तर ५६००, डोळे झाकून. कार्डला पुढची दोन वर्षं पैसे नसतील तर ५६००जी, त्यावर हलके गेम सेटिंग कमी करून चालतात, फक्त रॅमच्या दोन स्टिक लाव, जी ला एका स्टिकवर चालवणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे. सहा महिन्यांत कार्ड येणार असेल तर मी म्हणेन थांब, बारावीचं वर्ष आहे, परीक्षा होऊ दे आणि मग ५६०० आणि कार्ड एकदमच घे.

प्रश्न : माझा आणि माझ्या भावाचा प्रोसेसर एकच आहे, आय-फाइव्ह १२४००. त्याचा पीसी नेरूळला, माझा घोडबंदर रोडला. एकाच व्हिडिओला त्याच्याकडे जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा माझ्याकडे बराच जास्त लागतो. दोन-तीन मिनिटं ठीक चालतो मग हळू होतो. माझा प्रोसेसर डुप्लिकेट तर नसेल? मी घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते.
— एक वाचक ताई, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, डुप्लिकेट नाहीये, काळजी करू नका. दोन-तीन मिनिटं ठीक चालतो मग हळू होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, त्यातच उत्तर आहे, तो तापतोय. १२४०० कागदावर ६५ वॅटचा असला तरी जोर लावताना ११७ वॅटपर्यंत घेतो, आणि तापमान १०० डिग्रीला टेकलं की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. किती वेळ आणि किती वॅट घेऊ द्यायचे ते मदरबोर्डच्या सेटिंगवर पण असतं, स्वस्तातले बोर्ड थोड्या वेळाने ६५ वर आणून ठेवतात, त्यामुळे एकच प्रोसेसर दोन घरात वेगवेगळा पळतो. पण बोर्ड बदलायच्या आधी कूलर बघा. तापमान दाखवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, एचडब्ल्यूइन्फो चांगलं आहे, आणि एक्सपोर्ट लावून आकड्याकडे बघत बसा. दोन मिनिटांत ९५-१०० ला गेलं तर कूलर नीट बसलेला नाही हे जवळपास नक्की. ७०-७५ वरच थांबलं आणि तरी वेग उतरला तर मात्र बोर्डचं वॅटचं सेटिंग बघायला लागेल.

इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. मी उघडलेल्या कितीतरी मशीनमध्ये चारपैकी एक पीन अर्धवट बसलेली असते, वरून बघितलं तर चारही सारख्याच दिसतात पण बोर्डच्या मागच्या बाजूने बघितलं की तीन पिनांची टोकं पूर्ण बाहेर आलेली असतात आणि चौथीचं नाही, आणि हीटसिंक त्या कोपऱ्यात केसभर उचललेला असतो. प्रोसेसर तापायला तेवढं पुरतं. तुमच्या भागात रस्त्याची आणि बांधकामांची धूळ भरपूर, त्यामुळे पंख्याची पाती आणि समोरची जाळी पण आधी पुसून घ्या, भावाच्या घराशी तुलना करताना हे पण धरायला हवं. तो एसीत बसत असेल तर तेही.

कूलर काढायला लागला तर भावाला बोलवा किंवा जवळच्या कुणा जाणकाराला, एकटीने करू नका. पीसी पूर्ण बंद, वायर भिंतीतून काढलेली. पिनांच्या डोक्यावर जो बाण असतो तो काढायच्या दिशेचा असतो, चारही तिकडे फिरवून वर ओढायच्या, जुनी पेस्ट सुती कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मध्ये वाटाण्याएवढी नवीन पेस्ट. बसवताना पिना उलट फिरवून मूळ जागी आणायच्या, आणि शेजारच्या दोन एकामागून एक दाबायच्या नाहीत, समोरासमोरच्या तिरप्या दोन आधी एकदम, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा कट् असा आवाज येतो, चार वेळा ऐकू आला पाहिजे. मग बोर्डच्या मागे टॉर्च मारून चारही टोकं बघायची, पंख्याची वायर परत लावली का ते बघायचं, ती विसरतात बरेच जण, आणि तोच व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्टला लावून घड्याळ बघायचं. किती वेळ लागला ते मला कळवा, आणि रॅमच्या किती स्टिक आहेत तेही लिहा, एकच असेल तर पुढच्या अंकात त्यावर बोलू.